नवीन पीसीवर विंडोज का लिनक्स? आधी घरातलं कुठलं काम अडून बसतंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोरेगावला घरी नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय, बजेट ४५ हजार, मुलगी अकरावी सायन्सला, मुलगा सातवीत, मिस्टरांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्याचा हिशोब ते रात्री घरी टॅलीत करणार, सासरे रिटायर शिक्षक, त्यांना मराठी टायपिंग करायचंय. शिवाय २०१४ चा एक लॅपटॉप कपाटात पडून आहे. दुकानदार म्हणतोय विंडोज फ्री टाकून देतो, पुण्याचा भाचा म्हणतोय लिनक्स टाका, फुकट पण आहे आणि व्हायरस पण येत नाही, आणि दीर म्हणतायत थोडे पैसे वाढवा आणि मॅकच घ्या. आता ऐकायचं कुणाचं.

खरं सांगू का, तिघंही आपापल्या टेबलावर बसून बोलतायत. भाचा कोडिंग करत असणार, दीर कुठल्यातरी कंपनीत मॅक वापरत असणार, आणि दुकानदाराला आज मशीन विकायचंय. तुमच्या टेबलावर चौघं बसणार आहेत, त्यामुळं कुठली ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोज, लिनक्स, मॅक, ज्यावर बाकीचे प्रोग्राम चालतात ती) चांगली हा प्रश्नच बाजूला ठेवा. घरातल्या चौघांपैकी कुणाचं कुठलं काम एका ठराविक सिस्टिमशिवाय होतच नाही, हे आधी शोधायचं. मी त्याला अडून बसणारं काम म्हणतो. असं एक जरी काम निघालं तरी निम्मा निर्णय तिथंच होतो, आणि एकही नाही निघालं तर मग खुशाल फुकटातलं घ्या, मी सुद्धा तेच सांगीन.

मी सांगलीत २००३ पासून असेंबलिंग आणि रिपेअरिंग करतोय. दुकान आधी मारुती चौकाकडं होतं, आता विश्रामबागला. माझ्या स्वतःच्या घरात लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) आहे आणि दुकानात बिलिंगच्या मशीनवर विंडोज आहे, म्हंजे मी कुणाच्या बाजूचा आहे ते तुम्हीच ठरवा.

पहिलं मिस्टरांचं काम घेऊ, कारण अडून बसणारं काम बहुतेक तिथंच आहे. टॅली विंडोजवर चालतं, बास. लिनक्सवर वाइन म्हणून एक सोय आहे, त्यात विंडोजचे प्रोग्राम उघडता येतात आणि पोरं त्यात काय काय चालवून दाखवतात, पण जीएसटीच्या रिटर्नच्या आदल्या रात्री तुमच्या मिस्टरांनी तिथं खटपट करत बसावं असं मला वाटत नाही. डिजिटल सिग्नेचरची ती यूएसबी स्टिक वापरत असतील तर तिचे ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करायची युटिलिटी हे पण विंडोजवर सरळ चालतं, लिनक्सवर होतं पण डोकं खातं. इथं एक गोष्ट मात्र विचारून घ्या. टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एका मशीनपुरतं असतं. दुकानातल्या मशीनवर ते चालू असेल तर घरच्या मशीनवर तेच एकाच वेळी चालणार नाही. म्हणजे एकतर घरी वेगळं लायसन्स, नाहीतर दुकानातल्या टॅलीत घरून शिरायची सोय करून घ्यायची, नाहीतर सरळ हिशोब दुकानातच उरकून यायचं. हे तिसरं जमत असेल तर घरच्या कॉम्प्युटरवरून टॅलीच उठलं आणि सगळं गणित बदललं. त्यामुळं मिस्टरांशी बोलून हे आधी पक्कं करा.

दुसरं, सासऱ्यांचं मराठी टायपिंग. हे लोकांना किरकोळ वाटतं, पण माझ्याकडं मशीन परत घेऊन येणाऱ्यांत हे कारण बऱ्यापैकी वरच्या नंबरला आहे. इथं एकच प्रश्न विचारायचा, त्यांना नवीन लिहायचंय का जुनं उघडायचंय? नवीन लिहायचं असेल तर काहीच अडचण नाही. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखंच दिसणारं मराठी, सगळीकडं आहे. विंडोजमध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच येतो, इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, आणि ज्यांना इनस्क्रिप्ट (सरकारी मराठी कीबोर्डची मांडणी) येतं त्यांना ते पण आहे. लिनक्समध्ये पण इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक पण जोडता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त पहिल्यांदा कुणीतरी करून द्यावं लागतं.

पण शाळेत असताना त्यांनी केलेले अहवाल, भाषणं, प्रश्नपत्रिका असं काही श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर ते वेगळं प्रकरण. ते जुने फॉन्ट म्हणजे मराठीचं सोंग घेतलेली इंग्रजी अक्षरं. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वरचा फॉन्ट ती मराठीच्या आकारात दाखवतो. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते पण सगळा कचरा दिसतो, आणि माणूस म्हणतो कॉम्प्युटरनं माझी फाइल खाल्ली. फॉन्ट टाकला की दिसायला लागतं, लिनक्सवर पण टाकता येतो, पण त्याच पद्धतीनं पुढं टाइप करायचं असेल तर श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर विंडोजवरच. छापखान्यात पत्रिका, स्मरणिका द्यायच्या असतील तर तिथं अजून हे फॉन्ट मागतात. माझ्याकडं एक गुरुजी यायचे, ८० च्या पुढचे, त्यांना मी मोठ्या हौसेनं युनिकोडवर आणलं, आणि पंधरा दिवसांनी ते म्हणाले, बाळ, माझी बोटं जुनी आहेत रे. परत जुना कीबोर्ड लावून दिला. बोटांची सवय पण अडून बसते, ती पण मोजायची.

मुलांचं अगदी थोडक्यात. अकरावी-बारावीचा अभ्यास, सीईटी-जेईई-नीटचे व्हिडिओ, पीडीएफ, टेस्ट, हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, ब्राउझर सगळीकडं सारखाच. प्रोजेक्टला वर्ड आणि पॉवरपॉइंट लागतं, लिनक्सवरचं लिब्रेऑफिस त्या फाइल उघडतं, पण रचना थोडी हलते, टेबल सरकतं, फॉन्ट बदलतो. घरी प्रिंट काढायची असेल तर चालून जातं, कॉलेजच्या मशीनवर जाऊन दाखवायचं असेल तर पीडीएफ करून न्यायचं. ती पुढं इंजिनिअरिंगला मेकॅनिकल किंवा सिव्हिलला गेली तर ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स अशी नावं येतील, ही लिनक्सवर नाहीत. कॉम्प्युटर सायन्सला गेली तर उलट लिनक्स येणं हा फायदा. पण ते दोन वर्षांनी, तेव्हाचं तेव्हा बघू.

सातवीतला मुलगा काय चालवणार ते आपल्याला माहितेय. गेम. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती लिनक्सवर मस्त चालते, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले पण कितीतरी गेम चालतात. पण व्हॅलोरंटसारखे, ज्यात चीटिंग पकडायचा प्रोग्राम खोल आत शिरून बसतो, ते लिनक्सवर चालत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका आईनं याच कारणासाठी लिनक्स टाकून घेतलं होतं, हसू नका. आणि लिनक्स पोरांना जमणार नाही असं कुणी म्हटलं तर सांगा, केरळमध्ये सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं त्याच्यावरच शिकतायत.

चौथं अडून बसणारं म्हणजे प्रिंटर, आणि त्याचं नाव तुमच्या प्रश्नात कुठंच नाही. घरात किंवा दुकानात आधीच प्रिंटर असेल तर त्याचं मॉडेल नीट बघा. काही छोट्या लेझर प्रिंटरची भाषाच वेगळी असते, कंपनीचा ड्रायव्हर विंडोजवर झकास आणि लिनक्सवर दोन तास घाम गाळून एक पान निघणार, तेही अर्धं. याउलट एचपीच्या बऱ्याच प्रिंटरना लिनक्समध्ये चांगला सपोर्ट आहे, बरेचसे लावल्या लावल्या चालू. नेटवर्कवरचे नवे वायफाय प्रिंटर तर बहुतेक कुठंही चालतात. एका गिऱ्हाइकाला मी मशीनवर लिनक्स टाकून दिलं, सगळं खूश, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा जुना प्रिंटर निघाला. त्या एका प्रिंटरपायी परत विंडोज टाकून द्यावं लागलं, माझी मजुरी गेली ती गेली.

आता दुकानदाराच्या त्या ‘फ्री’ विंडोजकडं येतो. विंडोज ११ होमची किंमत रिटेलमध्ये दहा-अकरा हजारांच्या घरात आहे, मग ते फुकट कुठून आलं? ते क्रॅक असतं. एक छोटा अ‍ॅक्टिव्हेटर चालवतात, तो चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला लागतो, आणि तो पुढं बऱ्याचदा बंदच राहतो किंवा त्या फोल्डरला सूट दिलेली राहते. म्हणजे दाराला कुलूप लावायचं म्हणून कुलूपवाल्याला बोलवायचं आणि त्यानं किल्ली स्वतःकडं ठेवायची. मी साधू नाही, २००३ ते साधारण २०१० पर्यंत मी पण हेच केलं, सगळेच करत होते, गिऱ्हाईक पण मागायचं. बंद केलं ते एका अडत दुकानाच्या मशीनमुळं, सगळ्या हिशोबाच्या फाइल लॉक झाल्या आणि पडद्यावर पैशाची मागणी. त्या मशीनमध्ये क्रॅक मीच टाकला होता. त्यातूनच घुसलं का मेलमधून, हे मला सिद्ध करता येणार नाही, पण त्या शेठजींसमोर उभं राहताना जे वाटलं ते पुरेसं होतं. ज्या कॉम्प्युटरवर मिस्टर बँकेचा पासवर्ड टाकणार आणि जीएसटी भरणार, त्याच्यावर क्रॅक नको. ऑनलाइन पाचशे-सातशेला ज्या किल्ल्या मिळतात त्या पण नकोत, त्या बऱ्याचदा कंपन्यांच्या घाऊक लायसन्समधल्या असतात आणि कधी बंद पडतील नेम नाही.

मग पैशाचं कसं बसवायचं? सुटे पार्ट घेऊन असेंबल केलं तर विंडोजचे दहा हजार वेगळे मोजावे लागतात, तेच कंपनीचा तयार डेस्कटॉप किंवा लॅपटॉप घेतला तर विंडोज आतच बसवून येतं आणि कंपन्यांना ते स्वस्तात पडत असल्यानं एकूण हिशोब बरा बसतो. ४५ हजारांत ओरिजिनल विंडोजसकट घ्यायचं असेल तर मी तयार मशीनच बघायला सांगीन, एरवी मी असेंबलवाला असूनसुद्धा. फक्त त्या लायसन्सची एक गोम आहे, ते मदरबोर्डला चिकटलेलं असतं. मदरबोर्ड गेला आणि वॉरंटी संपलेली असली तर लायसन्स पण गेलं समजा. स्वस्त लॅपटॉपच्या पाटीवर ‘डॉस’ लिहिलेलं दिसलं तर त्यात विंडोज नाही, नावाला फ्रीडॉस टाकून दिलेलं असतं, तिथंच परत तो ‘फ्री टाकून देतो’वाला उभा असतो.

सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड दाखवतील तर सावध. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी जास्तीची मुदत घेतली तरी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा लागतो. बाजारात चौथ्या, सहाव्या जनरेशनची मशिनं भरपूर आहेत, त्यांच्यावर ही तपासणी चुकवून ११ टाकतात आणि ‘विंडोज ११ सहित’ म्हणून विकतात. चालतं, पण पुढची मोठी अपडेट येतील का याची खात्री नाही. असली मशिनं वाईट नसतात हां, त्यांची खरी जागा लिनक्स आहे.

त्यावरून तुमच्या कपाटातल्या लॅपटॉपवर येतो. भाचा इथं बरोबर आहे, फक्त मशीन चुकीचं पकडलंय त्यानं. २०१४ चा लॅपटॉप विंडोज ११ च्या नियमात बसणार नाही. त्यात एक साधी एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाका, रॅम चार जीबी असेल आणि स्लॉट असेल तर आठ करा, आणि लिनक्स मिंट घाला. मिंटला कमीत कमी दोन जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, चार जीबीत बरं चालतं, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती आणखी हलकी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दिसायला जुन्या विंडोजसारखंच, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, मुलं एका संध्याकाळीत शिकतात. व्हायरसचं म्हणाल तर ‘येतच नाही’ हे खरं नाही, फार कमी येतात एवढं खरं, आणि बँकेच्या नावानं आलेल्या खोट्या लिंकवर क्लिक केलं तर कुठलीच सिस्टिम वाचवत नाही.

टाकायच्या आधी करून बघायची सोय पण आहे. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घेऊन त्याच्यावरून मशीन चालू करायचं, आतल्या डिस्कला हात न लावता सगळं वापरून बघता येतं. थोडं हळू चालेल, पेनड्राइव्हच तो. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, ‘ज्ञानेश्वरी’ नीट टाइप होतंय का, एवढं बघा. भाच्याला दिवाळीत आला की हेच काम द्या.

एकाच मशीनवर दोन्ही टाका असं पण कोणीतरी सुचवेल. घरात भाचा राहत असेल तर टाका, नसेल तर नको. विंडोजचं एखादं अपडेट चालू व्हायचा क्रम बिघडवतं, आणि घड्याळाची गंमत तर हमखास, लिनक्स मशीनच्या आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतो आणि विंडोज तीच वेळ आपली समजतो, त्यामुळं विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं. एका ओळीच्या कमांडचं काम आहे, पण ती ओळ माहीत असणारं माणूस घरात लागतं.

मॅकबद्दल मी फार बोलत नाही. मॅक मिनी चांगलं मशीन आहे, एम-४ वाला भारतात ५९,९०० पासून आला होता, त्यात स्क्रीन, कीबोर्ड, माऊस नाही. म्हंजे बजेट गेलं. आणि टॅली परत अडलंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. मशीन पहिल्यांदा चालू करताना विंडोज ११ होम मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं. बऱ्याच दुकानांत पोरगा घाईत स्वतःच्या नाहीतर दुकानाच्या मेलवर ते उघडून देतो, आणि गिऱ्हाईक पण म्हणतं द्या करून. नव्या बऱ्याच मशिनांत त्याच वेळी डिस्क आपोआप लॉक व्हायची सोय चालू होते, तिची ४८ आकडी किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. वर्षा-दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की मशीन ती किल्ली मागतं. माझ्याकडं असं एक मशीन आलं, दुसऱ्या गावच्या दुकानातून घेतलेलं, अकाउंट ज्या पोराच्या मेलवर होतं तो नोकरी सोडून गेलेला. आत पोरीच्या जन्मापासूनचे फोटो. डिस्क ठणठणीत होती आणि मी काहीही करू शकलो नाही. त्यामुळं अकाउंट तुमच्या मेलवर, तुमच्या हातानं, दुकानात घाई करत असतील तर घरी आणून. किल्ली बघून डायरीत लिहा, गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवा.

आणि बॅकअप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. माझं मारुती चौकातलं दुकान पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं भरलेले सीपीयू पोत्यात घालून आणायचे. त्यात विंडोज होतं का लिनक्स हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ज्यांनी चालतंय का बघू म्हणून घरीच स्विच टाकला त्यांच्या हार्ड डिस्क कायमच्या गेल्या, ज्यांनी तशाच ओल्या आणल्या त्यातल्या काही वाचल्या. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा दुकान विश्रामबागला हलवलेलं होतं. कोरेगावला पूर नसेल येत, पण लाइट जाते, वीज पडते, चोरी होते. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा टॅलीचा डेटा आणि फोटो तिच्यावर, आणि ती मशीनपासून लांब, दुसऱ्या खोलीत. विंडोजमधलं वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) परस्पर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वर चढवायला लागतं, फुकटात फक्त पाच जीबी, ती भरली की रोज कटकट, त्यामुळं त्याच्यावर विसंबू नका. लिनक्समध्ये टाइमशिफ्ट आहे पण ते सिस्टिम जपतं, तुमचे फोटो नाही. आणि यूपीएस घ्या, तो बजेटमध्ये आधीच धरा.

म्हणजे तुमच्या घरापुरतं माझं मत असं. टॅली घरी होणार असेल तर नवीन मशीन ओरिजिनल विंडोज ११ सकट तयार घ्या, १६ जीबी रॅम बसली तर उत्तम, नाही तर आठ आणि एक स्लॉट रिकामा, ५१२ ची एसएसडी, आणि जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकून तो मुलाकडं द्या. टॅली दुकानातच राहणार असेल आणि सासऱ्यांची जुनी फाइल निघाली नाही, तर नवीन मशीनवर पण मिंट चालेल आणि विंडोजचे पैसे मॉनिटरमध्ये घाला. फक्त साताऱ्याला खरेदीला जायच्या आधी दोन गोष्टी करा, प्रिंटर उलटा करून त्याचा मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि सासऱ्यांकडची एक जुनी फाइल पेनड्राइव्हवर घ्या. दुकानात ती उघडून बघा, मराठी दिसतंय का कचरा, आणि इथं येऊन सांगा.